कारण नसलेली सुट्टी

खडकी, पुणे
बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम.

परवा फोनवर तू तीनदा "कोण बोलतंय?" विचारलंस आणि चौथ्यांदा "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलास. माझ्या शेजारच्या काकूंना मात्र माझं सगळं बोलणं स्पष्ट ऐकू गेलं. तेव्हा आता पत्रच बरं. चेतननं तुला कानाचं मशीन आणून दिलंय, ते कानात घालायला दिलंय, कपाटात जपून ठेवायला नाही.

आज मी सुट्टी घेतली. सहज. आमच्या मॅनेजरला हे काही केल्या पचेना. "तब्येत बरी नाही का?" म्हटलं, छान आहे. "घरी काही प्रॉब्लेम?" म्हटलं, घरी मी एकटीच असते, प्रॉब्लेम करणार कोण? "मग सुट्टी कशासाठी?" म्हटलं, सहज. तो इतका गोंधळला की त्या गोंधळातच त्यानं मंजूर करून टाकली.

सकाळी उठले, लॅपटॉप बॅगेत घालून बॅग माळ्यावर टाकली आणि पदर खोचला. म्हणजे ओढणी खोचली. आज दिवसभर फक्त स्वयंपाक करायचा आणि तोही घाई न करता, असं मी ठरवलं होतं. रोज मी पोळी-भाजी करते ती कोणीतरी मागे लागल्यासारखी. आज आधी निवांत चहा प्याले, दुसरा केला, तोही निवांत प्याले, आणि मग पावाची कणीक भिजवली. यीस्ट घातलं, तिंबली, तिंबली, हात भरून आले तरी तिंबली, आणि ओला फडका टाकून ठेवून दिली. एकदा ठेवली की तिला माझी गरजच नसते. ऑफिसातलं एक तरी काम असं असावं, असं फार वाटलं.

पावाचा साचा गेल्या आठवड्यात नारायण पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानातून आणला. दुकानदार काकांनी विचारलं, "घरात माणसं किती?" म्हटलं, मी एकटी. "मग एवढा साचा कशाला? वाटीत भाजा." तरी मी मोठाच घेतला. त्यांनी पैसे घेतले आणि म्हणाले, "पाव बिघडला तर साचा परत घेणार नाही." आत्या, पाव बिघडला नाही. कणीक फुगून साच्याबाहेर आली आणि वरून पाव जरा एका बाजूला कलला, पण आतून असा मऊ की मी गरम गरमच निम्मा संपवला. नुसतं लोणी लावून. उभ्या उभ्या, ओट्यापाशी.

मग गोळाभात केला. भरडलेली चण्याची डाळ, तिखट, हळद, जिरं आणि हात सैल सोडून तेल. भात अर्धा शिजला की त्यावर गोळे मांडायचे आणि झाकण अजिबात उघडून बघायचं नाही, हे तूच शिकवलंस. मी एकदाच उघडलं. वरून लसणाची आणि लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतली तेव्हा खालच्या मजल्यावरून कोणीतरी शिंकलं.

दुपारी नानकटाई केली. बाबांनी मी लहान असताना एकदा अशीच सुट्टी घेतली होती बघ. सकाळी आम्ही दोघं मैदा, तूप, साखर पिशवीत घेऊन बाजारातल्या बेकरीत गेलो होतो, आणि भट्टीतून नानकटाईचे पत्रे निघेपर्यंत तिथेच बाकावर बसलो होतो. परत येऊन त्यांनी गोळाभात केला होता. आता घरीच ओव्हन आहे, बेकरीत जायची गरज नाही. पहिल्या घाण्यातल्या सगळ्या एकमेकींना चिकटून एकच मोठी नानकटाई झाली. दुसरा घाणा मात्र असा खुसखुशीत उतरला की काय सांगू.

मग घरभर वेलचीचा वास पसरलेला, आणि मी सतरंजीवर आडवी पडून छताकडे बघत होते. आई गेल्यापासून तीन वर्षांत मला घरात इतकं बरं वाटलं नव्हतं. आज फार फार छान वाटलं, आत्या. एवढंच सांगायला पत्र लिहिलं.

तुझी,
अक्षता

•

वर्धा
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

चि. अक्षता,

जय भीम.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पाव-बिव ठीक आहे. आता खरं काय ते सांग.

मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. "मला काही झालेलं नाही, सहज आलो" म्हणणारे पेशंट मी खूप बघितलेत. आपल्या घरात सहज सुट्टी कोणी घेत नाही. सुट्टी घेतात ती बाळंतपणाला आणि मयताला. चौदा एप्रिलची सरकारच देतं, ती घ्यावी लागत नाही. तुझ्यासारखी मुलगी, जी आईच्या तेराव्या दिवशी ऑफिसात हजर झाली, ती बुधवारी घरी बसून नानकटाई भाजते आणि मला लिहिते की फार फार छान वाटलं. त्यावर मी विश्वास ठेवावा?

नोकरी गेली असेल तर सांग. नोकऱ्या परत मिळतात. कोणाशी लग्न ठरवलं असेल आणि सांगायची भीती वाटत असेल तर तेही सांग, मी रागावणार नाही. कोण आहे, काय करतो, एवढंच विचारीन.

पण तब्येतीचं काही असेल तर एक दिवससुद्धा लपवू नकोस. वजन कमी झालंय का? छातीत, पाठीत, डाव्या हातात दुखतं का? जिना चढताना दम लागतो का? रक्त शेवटचं कधी तपासलं? डॉक्टरनं काही सांगितलं असेल तर त्यानं जे शब्द वापरले तेच लिही. मला सोपं करून सांगू नकोस. मला सोपं करून सांगितलेलं अजिबात चालत नाही.

चेतनला मी कळवलंय. येत्या रविवारी तो चाकणहून तुझ्याकडे येईल. तो विचारेल त्याची नीट उत्तरं दे आणि तो नेईल तिथे जा. आढेवेढे नकोत.

नानकटाई आणि गोळाभात एकाच दिवशी करायला तुला कोणी सांगितलं?

तुझी,
आत्या

•

खडकी, पुणे
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम.

तुझा हेर येऊन गेला. रविवारी सकाळी दारात उभा. हातात पपई, चेहरा असा की जणू मी गेलेय आणि तो माझ्या पुण्यानुमोदनालाच आलाय. बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "अक्षू, आईनं सांगितलंय, तुझ्याकडे नीट बघून ये." मग तो माझ्याकडे नीट बघत बसला. मी म्हटलं, दिसतंय का काही? म्हणाला, "मला काय कळतंय? मी चाकणला मशीन चालवतो."

मी त्याच्यापुढे नानकटाईचा डबा ठेवला. बघता बघता डबा रिकामा झाला. मग त्याला आठवलं की आपण एका गंभीर कामाला आलोय, आणि तो मला घेऊन निघाला. रविवारी कुठलं काय उघडं असतं? तरी शोधून शोधून एक तपासणी केंद्र मिळालं. तिथल्या मुलीनं विचारलं, "काय त्रास होतोय?" मी म्हटलं, आत्या. ती हसली नाही. तिच्याही घरी असणार एखादी.

रक्त काढलं, बीपी बघितलं, ईसीजी काढला. सगळ्याच्या झेरॉक्स या पत्रासोबत जोडल्या आहेत. मी काहीच सोपं करून सांगत नाही. तू स्वतः बत्तीस वर्षं नर्स होतीस, तूच वाच. हिमोग्लोबिन जरा कमी आहे, ते पुण्यातल्या अर्ध्या मुलींचं असतं. नोकरी शाबूत आहे. काल रात्री साडेनऊपर्यंत तिनं मला सोडलं नाही. लग्न ठरलेलं नाही. ठरलं तर तू रागावशील या भीतीनं मी मुळीच लपवणार नाही, लपवलंच तर तू पपई देऊन चेतनला पाठवशील या भीतीनं लपवीन.

पण आत्या, एक विचारू? चेतन जाताना जिन्यात थांबून म्हणाला, "आई पाच दिवस नीट जेवली नाहीये. तुझं पत्र आल्यापासून नुसतं ते हातात घेऊन बसते. शेजारणीनं फोन करून सांगितलं." तोपर्यंत मी तुझ्यावर थोडी चिडले होते. मग चिडता येईना.

एक दिवस सुट्टी घेऊन मी पाव भाजला, यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं? आणि नानकटाई, गोळाभात कोणी सांगितला म्हणून विचारलंस, तर कोणी सांगणार? बाबांच्या त्या सुट्टीच्या दिवशी जे केलं होतं तेच केलं. माझ्या सगळ्या लहानपणात तो दिवस मला सगळ्यात लख्ख आठवतो. तूही होतीस ना तेव्हा आमच्याकडे, क्वार्टरमध्ये? पुण्यात तुझं ट्रेनिंग होतं. मला आठवतंय, बाबा तुला सारखे म्हणत होते, ताई, बस, उठू नकोस.

काय ते एकदा सांगून टाक. मीही तुझीच भाची आहे, मलाही सोपं करून सांगितलेलं चालत नाही.

तुझी,
अक्षता

•

वर्धा
सोमवार, १६ डिसेंबर २०२४

चि. अक्षता,

जय भीम.

कागद मिळाले. ईसीजी उजेडात नेऊन पाहिला, भिंग लावून पाहिला, मग दवाखान्यात जाऊन आमच्या जुन्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "सिस्टर, हा ईसीजी कोणाचा का असेना, त्या माणसाला घोड्यासारखं धावायला सांगा." तेव्हा कुठे घरी येऊन भाकरी खाल्ली. हिमोग्लोबिनसाठी खजूर खा आणि पालेभाजी खा. चहा कमी कर. "दुसरा केला, तोही निवांत प्याले" हे वाचलंय मी.

आता तू विचारलंस ते सांगते. हे मी तुझ्या आईलाही कधी बोलले नाही.

तुला तो दिवस लख्ख आठवतो, मलाही आठवतो. नव्याण्णवचा डिसेंबर. आठ दिवसांचं ट्रेनिंग आदल्या दिवशी संपलं होतं आणि माझी परतीची गाडी संध्याकाळची होती. भीमराव सकाळी कारखान्यात गेलाच नाही. मी म्हटलं, काय रे, आज ड्यूटी नाही? तो म्हणाला, सुट्टी घेतली. कशाला? "सहज." तुला घेऊन बेकरीत गेला, नानकटाई भाजून आणली. वहिनीला आणि मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. स्वतः गोळाभात केला, तिखट जास्त झालं, तरी आम्ही नाकं पुसत जेवलो. दिवसभर नकला करत होता. गाडी सुटताना त्यानं माझ्या पायाला हात लावला. एरवी तो असलं काही करायचा नाही, मलाच चिडवायचा.

तीन आठवड्यांनी जानेवारीत तार आली. कामावर उभ्या उभ्या कोसळला. बेचाळीस वर्षांचा होता.

मी आले तेव्हा क्वार्टरच्या दारात बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली, "डिसेंबरात तर दवाखान्यात दिसला होता. रांगेत बसला होता." तारीखही तिनं सांगितली. माझी गाडी होती त्याच्या दोनच दिवस आधीची. अक्षता, मी नर्स आहे. मला दोन आणि दोन जोडायला वेळ लागत नाही. त्याला कळलं होतं. डॉक्टरनं काहीतरी सांगितलं होतं, आणि तो ते पोटात ठेवून घरी आला, सुट्टी घेतली, आम्हा सगळ्यांना खाऊ घातलं, हसवलं, माझ्या पाया पडला आणि मला गाडीत बसवून दिलं.

मला! दिवसभर समोर बसलेली सख्खी बहीण, हृदयाच्या वॉर्डात ड्यूटी करणारी नर्स, आणि मला त्यानं एक शब्द सांगितला नाही. दुसऱ्यांच्या भावांना मी रात्र रात्र जागून वाचवलं. माझ्या भावाला वाटलं, हिला सांगून काय उपयोग? का तर मी घाबरेन म्हणून? माझ्यावर त्याचा एवढाच भरवसा होता?

पंचवीस वर्षं मी त्याच्यावर रागावलेली आहे. फोटोला हार घालते तेव्हाही रागावलेलीच असते. लोकांना वाटतं म्हातारी भावासाठी रडते. मी भांडत असते त्याच्याशी. म्हणून तुझं ते पत्र आलं, तीच सुट्टी, तेच "सहज", तोच गोळाभात आणि तेच हसणं, तेव्हा मी ते हातात घेऊन बसूनच राहिले. वाटलं, बापासारखीच लेकही हसत हसत निरोप घेतेय.

तुझी तब्येत चांगली आहे, माझं काम झालं. हे सगळं विसरून जा. तुझ्या मनातला दिवस आहे तसा राहू दे. मी लिहायला नको होतं, पण आता लिहून झालं आणि पुन्हा लिहायचं बळ नाही.

तुझी,
आत्या

•

खडकी, पुणे
रविवार, २२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम.

हे पत्र बसून वाच. आणि घाबरू नकोस, चांगलं आहे. फार चांगलं आहे. फोनवर ओरडून सांगायची गोष्ट नाही, म्हणून उद्या सकाळी स्पीड पोस्टानं पाठवतेय.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा तुझा रागच आला. मला बाबांचे म्हणून किती दिवस आठवतात? नऊ वर्षांची होते मी. त्यातला एक दिवस असा पूर्ण, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि तू म्हणतेस तोही नाटक होता. बाकावर शेजारी बसून ते मला गोष्टी सांगत होते, तेव्हा मनात निरोप घेत होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ओव्हनकडे बघवेना.

शनिवारी मी बद्रीनाथ काकांकडे गेले. तुला आठवत असतील. बाबांच्या सेक्शनमधले, मूळचे वाशिमचे, बाबांशिवाय ज्यांचं पान हलत नसे. रिटायर होऊन बोपोडीत मुलाकडे राहतात. गॅलरीत ऊन खात मेथी निवडत बसले होते. मला बघून आधी मालनकाकूंना चहा टाकायला सांगितला, मग माझी चौकशी, मग पेन्शनचं गाऱ्हाणं. मला विचारायचा धीर होईना. शेवटी एकदम बोलून टाकलं. म्हटलं, काका, बाबा जायच्या आधी दवाखान्यात गेले होते ना? त्यांना काय सांगितलं होतं डॉक्टरनं? तुम्हाला माहीत असेल.

काकांनी हातातली मेथी खाली ठेवली.

"भीमराव? दवाखान्यात? कोनं सांगतलं तुले?"

मी म्हटलं, बायकांनी बघितलं होतं, डिसेंबरात, रांगेत बसलेले.

त्यावर ते जे हसायला लागले आत्या, काकू आतून धावत आल्या. "अवं, दाढ माही होती! दाढ!" तोंड उघडून मला ती जागा दाखवली. "मी सुईले भेतो. तीन दिवस गाल सुजवून फिरत होतो. भीमरावनं मले धरून नेलं, लहान लेकरू नेतात तसं. रांगेत तो माह्यासाठी बसला होता. डॉक्टरनं त्याच्याकडे पाह्यलंबी नाही. मी आत वरडत होतो आन् हा बाहेर बसून हासत होता. बाहेर आलो तं म्हने, बद्री, तुह्या आवाजानं अर्धी रांग घरी पळून गेली, आपलं काम लवकर झालं."

मी विचारलं, नक्की? त्यांना स्वतःला काहीच होत नव्हतं?

"काही नाही पोरी. गेला त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सायकल शर्यत लावून कामावर गेलो. तोच जिंकला."

मग मी सुट्टीचं विचारलं. दोनच दिवसांनी बाबांनी सुट्टी का घेतली? काका माझ्याकडे असे बघायला लागले की हिला एवढंही कळत नाही. "डिसेंबर होता ना! वर्षाच्या सुट्ट्या उरल्या तं एकतीस तारखेले बुडतात. पुढच्या वर्षात नेता येत नाहीत. सारी फॅक्टरी डिसेंबरात सुट्ट्या संपवते. भीमरावच्या तीन उरल्या होत्या. एक माह्या दाढेत गेली."

आणि दुसरी?

आत्या, दुसरीबद्दल ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. घरी येताना बसमध्ये मी ते मनात सारखं घोकत होते, एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून.

"दुसरी तुह्या आत्यासाठी घेतली. मले म्हने, ताई आली आहे, आठ दिवस कँटीनचं खाते. तिनं नोकरी लागल्यापासून एक दिवस मौजेची सुट्टी घेतली नाही. ते घेनार नाही, तं तिच्या वाटची मी घेतो. तिले बसवतो आन् खाऊ घालतो. मी म्हटलं, सांगतलं का तिले? म्हने, येडा का तू? सांगतलं तं रागावंल, कामावर हाकलंल मले."

म्हणून ते "सहज" म्हणाले. तू हाकललं असतंस हे खरं की नाही ते तूच सांग.

पाया का पडले, तेही मी विचारलं. काकांना ते माहीत नव्हतं. मालनकाकू म्हणाल्या, पोटभर जेवून मोठी बहीण निघाली की कोणीही पडेल, त्याला कारण कशाला लागतं?

तिसरी सुट्टी बुडाली. बाबा त्यावरून सुट्ट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाबूशी भांडले होते म्हणे. आणि जानेवारी लागल्या लागल्या त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? मे महिन्यातल्या सुट्टीचा अर्ज देऊन ठेवला. वर्धेला यायचं होतं आम्हा तिघांना, तुझ्याकडे, पंधरा दिवस. मरायला निघालेला माणूस मे महिन्याची सुट्टी मागतो का गं?

त्यांना काहीही माहीत नव्हतं, आत्या. तुझ्यापासून त्यांनी काहीही लपवलं नाही. लपवली ती एवढीच गोष्ट, की सुट्टी तुझ्यासाठी होती.

घरी आले आणि भरपूर जेवले.

तुझी,
अक्षता

•

वर्धा
शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४

चि. अक्षता,

जय भीम.

पत्र काल दुपारी मिळालं. तू सांगितलंस तसं बसून वाचलं. किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

दाढ! पंचवीस वर्षं मी त्या बद्रीनाथच्या दाढेपायी माझ्या भावाशी भांडले. मी नर्स, मला दोन आणि दोन जोडता येतात म्हणून मिरवत होते. एक फोन करून विचारता आलं असतं. पण मला वाटायचं, विचारलं आणि कोणी "हो, त्याला माहीत होतं" म्हणालं तर ते ऐकून मी उभी कशी राहू? म्हणून विचारलंच नाही. त्यापेक्षा रागावून राहणं सोपं होतं.

हो, मी त्याला कामावर हाकललं असतं. चप्पल घालायलाही वेळ दिला नसता. मला चांगलं ओळखून होता तो.

काल वाचता वाचता मला तो दिवस पुन्हा पहिल्यापासून आठवला. या वेळी मी त्याच्या चेहऱ्यात काही शोधत नव्हते. बेकरीतून तू आणि तो आलात तेव्हा तुझ्या नाकाला मैदा लागला होता. तो दारातूनच ओरडला होता, ताई, पाय वर घेऊन बस, आज तुला काही काम नाही. आणि मी खरंच पाय वर घेऊन बसले होते गं. किती वर्षांनी बसले होते! भात तिखट होता, फार चांगला होता. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नव्हतं. काल रात्री फोटोपुढे उभी राहून सांगितलं.

मी पुण्याला येते. चेतनला तिकीट काढायला सांगितलंय, चौदा जानेवारीचं. बद्रीनाथला भेटायचंय, त्याला दोन शब्द सुनवायचे आहेत आणि मग त्याच्या पायाशी वाकायचंय, लहान असला तरी. तू स्टेशनवर ये. त्या दिवशी ऑफिसला जायचं नाही, मी सांगतेय. तुझ्या मॅनेजरनं कारण विचारलं तर त्याला माझा नंबर दे. मला त्याचं काही ऐकू येणार नाही, पण त्याला माझं सगळं ऐकू येईल.

काल एक गंमत झाली. मी पत्र वाचून रडत होते. मला वाटलं, हळूच रडतेय, पण आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही त्याचा हा परिणाम. शेजारच्या सोजरबाई पीठ मळत्या हातांनी धावत आल्या, मागून त्यांची सून आली, समोरच्या घरातले दोघं आले. दारात गर्दी. सोजरबाई माझा खांदा धरून मोठ्यानं विचारत होत्या, "काय झालं? कोण गेलं? सिस्टर, कोण गेलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही गं बाई. माझा भाऊ आजारी नव्हता."

तुझी,
आत्या